हॉल गडद रंगात करायचाय, सोलापूरच्या उन्हात चालेल का?

निळीशाई
नमस्कार मंडळी. जुळे सोलापूरला आमचा टू बीएचके आहे, चार मजली बिल्डिंगमधला दुसरा मजला, हॉल १० बाय १५ आणि बाल्कनी पश्चिमेला. सगळीकडे बिल्डरने मारून दिलेला पांढरा, वर दोन पांढऱ्याफटक ट्यूब, खाली चकचकीत पांढरी व्हिट्रिफाइड. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत दुपारी चारनंतर त्या हॉलमध्ये डोळे नीट उघडे ठेवून बसता येत नाही, ऊन बाल्कनीतून फरशीवर येतं, फरशीवरून भिंतीवर आणि भिंतीवरून परत डोळ्यात. ऊन उतरलं की लगेच ट्यूब लागते, म्हणजे डोळ्याला सुट्टी अशी नाहीच. मला आणि ह्यांना दोघांनाही गडद खोल्या मनापासून आवडतात, बॉटल ग्रीन नाहीतर खोल निळा, कोपऱ्यात पिवळा दिवा, लाकडी कपाट, पुस्तकं. यंदा दिवाळीच्या आधी रंग काढायचाय आणि करायचंच असं ठरवलंय, पण ज्याला सांगावं तो मोडता घालायला बसलाय. पेंटर म्हणाला ताई पुढच्या वर्षी परत पांढरा मारायला बोलवाल. सासूबाई म्हणतात दिवाळीला घर उजळायचं की काळं करायचं. शेजारच्या वहिनी म्हणतात खोली अजून बारकी दिसेल आणि तापेल. कोणी आपल्याकडे, म्हणजे सोलापुरात असं केलंय का? धूळ, उकाडा, दिवे, काय काय बघावं? जरा सविस्तर सांगा.

होटगीरोडकर
तापणार की ओ. काळा रंग उष्णता ओढतो हे शाळेत शिकलोय सगळे. ४३-४४ डिग्रीच्या गावात लोक गच्चीला पांढरं मारायलेत आणि तुम्ही घरात गडद मारताय. परदेशातले फोटो बघून काही करू नका, एसीचं बिल बघा आधी.

रेघोट्या
मी आर्किटेक्ट आहे, काम सोलापूर-पंढरपूर भागातच असतं, म्हणून ह्यावर जरा लांब लिहितो.

होटगीरोडकर, गच्चीचं तुमचं अगदी बरोबर आहे, पण गच्चीवर थेट ऊन पडतं. आतल्या भिंतीवर ऊन पडत नसेल तर तिचा रंग कुठलाही असो, फार फरक पडत नाही. खोली तापते ती पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीतून, वरच्या स्लॅबमधून आणि काचेतून आत आलेल्या उन्हातून. काचेतून ऊन आत आलं की ते पांढऱ्या भिंतीवर पडो नाहीतर निळ्या, बरीचशी उष्णता घरातच राहते, पांढऱ्यावरून थोडी फार परत बाहेर जाते एवढंच. म्हणून काम बाहेरून करायचं. बाल्कनीला बांबूची चिक किंवा जाड चटई, काचेच्या बाहेरच्या बाजूला, आत नाही. आतला पडदा ऊन अडवतो तेव्हा ते आधीच घरात आलेलं असतं. बाहेरच्या भिंती फिक्याच ठेवा, टॉप फ्लोअर असेल तर गच्चीला चुना किंवा पांढरं कोटिंग करा, आणि मग आत जो आवडेल तो रंग मारा.

आता उजेडाचं. रंगाच्या शेडकार्डावर किंवा कंपनीच्या साइटवर बऱ्याचदा एलआरव्ही म्हणून आकडा असतो, शून्य म्हणजे पूर्ण काळा, १०० म्हणजे पूर्ण पांढरा, त्या रंगावर पडलेल्या उजेडातला किती टक्के परत येतो ते. साधा पांढरा ८०च्या पुढे असतो, ताईंना हवा तसा निळा-हिरवा बहुतेक १०च्या खाली. म्हणजे आज जो उजेड भिंतीभिंतीवर उड्या मारत डोळ्यात घुसतोय तो पहिल्याच भिंतीवर संपेल. सोलापूर साडेसतरा अक्षांशाच्या आसपास आहे, मे महिन्यात आणि परत जुलै-ऑगस्टच्या सुमाराला सूर्य बरोब्बर डोक्यावरून जातो. इतक्या उजेडाच्या गावात एखादी खोली मुद्दाम गडद ठेवणं मला तरी शहाणपणाचंच वाटतं. थंड देशात लोक ते हौसेनं करतात, आपल्याला त्याची गरज आहे.

फक्त एक गोष्ट नीट करा. बाल्कनीच्या दाराची भिंत आणि दाराच्या आतल्या कडा गडद करू नका. काळ्या भिंतीत मधोमध ढणढणीत दार असलं की ते आत्ता आहे त्याहून जास्त टोचतं, नजर दोन टोकांत ओढली जाते. त्या भिंतीला मधला रंग द्या, भुरकट, मातकट, आणि समोरच्या व बाजूच्या भिंती गडद. आणि ती चकचकीत फरशी बदलणार नसाल तर निदान दारापासून सहा-सात फुटांपर्यंत जाडसर सतरंजी टाका, नाहीतर रंग बदलूनही फरशीवरचं ऊन तसंच उडत राहील.

ब्रशपट्टी
मी रंगकामाचे ठेके घेतो, वडीलही हेच करायचे. ताई, तुमचा पेंटर घाबरलाय कारण गडद रंगात कामगाराची चूक लपत नाही. पांढऱ्यात सगळं खपतं.

फिका रंग मशिनवर व्हाइट बेसमध्ये बनतो (बेस म्हणजे शेड मिसळायच्या आधीचा मूळ रंग), त्यात पांढरा पिगमेंट भरपूर असतो आणि तोच खालचं झाकतो. गडद शेड डीप बेस नाहीतर क्लिअर बेसमध्ये बनते, त्यात पांढरं नावालाच, म्हणून दोन हात मारले तरी खालचं डोकावतं, पट्टे दिसतात, मग मालक म्हणतो रंग खराब आहे. तीन हात धरून चाला, काही लाल-मरूनला चारसुद्धा लागतात. प्रायमर पांढरा मारू नका, दुकानदाराला सांगून राखाडी टिंट टाकून घ्या, एक हात वाचतो. हिशोब असा की एका लिटरात दोन हाताचं साधारण ६०-७० स्क्वेअर फूट होतं, तिसरा हात धरला की त्याच्याही खाली. लागेल तेवढं एकदम घ्या, सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र करा आणि मग मारा, कारण दोन वेळा बनवलेल्या गडद शेडमध्ये जरासा फरक येतोच आणि भिंतीवर तो दिसतो.

पुट्टीचं घासकाम झालं की पेंटर तिथे असतानाच रात्री ट्यूब बंद करा, मोबाइलची टॉर्च भिंतीला टेकवून आडवी धरा आणि वरून खाली सरकवत न्या. जिथे लाट आहे, खड्डा आहे, पट्टीची रेघ राहिलीय तिथे सावली पडेल. पेन्सिलने गोल करा आणि तेवढं परत लावून घ्या. हे प्रायमरच्या आधी. तुम्ही कोपऱ्यातून खालून वर दिवे सोडणार असाल तर हे शंभर टक्के करायचं, तो दिवा म्हणजे कायमची आडवी टॉर्चच आहे.

फिनिश मॅट घ्या, भिंतीचे दोष कमी दिसतात आणि रंग खोल दिसतो. पण मॅटवर घासलं की चकाकी येते, सोफ्याची पाठ, डोक्याचं तेल, मुलांचे हात. म्हणून सोफा चार बोटं पुढे ठेवा, आणि पॅसेज, स्विचबोर्डच्या भोवती जास्त हात लागत असेल तर धुता येणारं मॅट किंवा अगदी हलकं शीन असलेलं घ्या. टचअपचा ठिपका गडदमध्ये हमखास उठून दिसतो, करायचंच झालं तर ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत. आणि ओल. बाथरूमच्या मागची भिंत असेल तर आधी हात लावून बघा, ओल असेल तर गडद रंगावर पांढरे क्षार फुलून येतात, किती पण मारा परत येणार. आधी पाइप, मग रंग.

निळीशाई
रेघोट्या, ब्रशपट्टी दादा, खूप खूप धन्यवाद, टॉर्चचं तर मी आजच आहे त्या भिंतीवर करून बघितलं, केवढ्या लाटा आहेत. बाथरूमची भिंत हॉलला लागूनच आहे, तिथे प्लंबर बोलावते. आता दिव्यांचं कोणीतरी सांगा, ट्यूब काढून टाकायची का? सासूबाईंना रात्री पोथी वाचायची असते.

पेठेतलंघर
साखर पेठेत आमचं माळवदाचं घर आहे, अजून राहतो तिथे. गडद खोलीत उन्हाळा कसा काढायचा ते विचारता तर आमच्या माजघरात येऊन बसा एकदा. दोन-अडीच फूट जाड भिंती, वर सागवानी तुळया नि त्यावर माती, खाली शहाबादी, आणि खिडकी एकच, तीही चौकाकडे. माळवदाला साणं आहे, हातभर भोक, पावसाळ्यात झाकतो. दुपारी त्यातून उन्हाचा एक चौकोन फरशीवर पडतो, बारा वाजता उतरंडीपाशी असतो, मग सरकत सरकत दोनच्या सुमाराला उंबऱ्याला लागतो. तेवढ्या एका चौकोनावर अख्ख्या खोलीत धान्य निवडता येईल एवढं दिसतं, डोळे एकदा सरावले की. बाहेर रस्त्यावर पाऊल ठेववत नाही तेव्हा आत पंख्याखाली पांघरूण लागतं कधी कधी.

आमच्यासारखी जुनी घरं ज्यांची आहेत आणि हे वाचून रंगाचा डबा आणायला निघालेत त्यांना कळकळीने सांगतो, माती-चुन्याच्या भिंतीवर प्लास्टिक पेंट मारू नका. भिंतीतली ओल बाहेर पडायला जागा राहत नाही, ती आतच कोंडते, लोणा लागतो आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. चुनाच मारायचा, हवं तर त्यात काव किंवा माती-रंग टाकून. चुना मुळात पांढरा असल्यामुळे त्यात कितीही रंग टाकला तरी फार गडद होत नाही. पण माजघरात अंधार रंगाने आलेलाच नाही ना, तो लाकडाने, दगडाने आणि बारक्या खिडकीने आलाय. भिंत फिकी राहू द्या, तुळया तेल लावून काळ्याभोर ठेवा, खाली शहाबादी नाहीतर कडप्पा, बास. ह्या घरांना रंग मारून बिघडवलेलं बघवत नाही, म्हणून लिहिलं.

फेजन्यूट्रल
दिव्यांचं मी सांगतो. रंग काढायच्या आधी वायरिंग ठरवा, नंतर झिरी मारून गडद भिंत फोडली की दादा म्हणतात तसं पूर्ण भिंत परत.

आपल्याकडच्या पांढऱ्या ट्यूब बहुतेक ६५०० केल्विनच्या असतात (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा, कमी तितका पिवळा), त्या उजेडात बॉटल ग्रीन राखट दिसतो आणि ब्राऊन तर मेल्यासारखा. २७०० ते ३००० केल्विनचे घ्या, डब्यावर वॉर्म व्हाइट लिहिलेलं असतं पण आकडा वाचूनच घ्या. सीआरआय, म्हणजे दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० किंवा वर मिळाला तर उत्तम, लाकूड आणि कापड खरं दिसतं. वॅटवर जाऊ नका, ल्युमेन बघा, ९ वॅटचा साधा एलईडी साधारण ९०० ल्युमेन देतो.

गडद खोलीत छतावरचा एकच मोठा दिवा चालत नाही, कितीही मोठा लावा, भिंती उजेड गिळतात आणि फक्त डोकी चमकतात. त्यापेक्षा चार-पाच ठिकाणी छोटे. एक सोफ्याशेजारी बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीला, एक पुस्तकाच्या कपाटात, एक टीव्हीच्या मागे, एक कोपऱ्यातल्या झाडाच्या मागे जमिनीवर. त्यासाठी स्कर्टिंगच्या वर हातभर उंचीला पाच अँपिअरचे पॉइंट काढून घ्या आणि सगळे दाराजवळच्या एकाच स्विचवर आणा, नाहीतर रोज फिरून कोणी लावत नाही आणि ट्यूबच लागते. डिमर हवा असेल तर दिवे डिमेबलच घ्यायचे, साध्या एलईडीवर डिमर लावला की तो फडफडतो.

ट्यूब काढू नका. झाडलोट, पाहुणे, मुलांचा अभ्यास, काहीतरी हरवलं शोधायचं, सगळ्याला लागते, फक्त तिचा स्विच वेगळा ठेवा. आणि सासूबाईंच्या जागेवर वाचायचा दिवा वेगळा द्या, चांगला उजेड पुस्तकावर पडेल असा आणि बल्ब डोळ्यात येणार नाही असा. वय झालं की डोळ्याला तरुणपणापेक्षा कितीतरी जास्त उजेड लागतो, तिथे मूडबिड बघायचं नाही. पोथी आधी.

बोअरचंपाणी
हॉलचं चाललंय पण कोणी बाथरूम आणि किचन गडद करणार असेल तर माझंही ऐका. रोज पाणी न येणारं गाव हे, मधले दिवस बोअर, आणि बोअरचं पाणी किती जड ते बादलीच्या कडा बघून कळतं. माझ्या बहिणीच्या फ्लॅटमध्ये काळ्या मॅट टाइल आणि काळे नळ बसवलेत, दिसायला फार सुंदर, पण थेंब वाळला की पांढरा डाग, आणि मॅट टाइलमध्ये तो जाऊन बसतो. ती रोज आंघोळ झाली की वायपरने भिंत ओढून घेते आणि नळ कोरड्या फडक्याने पुसते, तेवढं केलं तर राहतं चांगलं. व्हिनेगर, लिंबू थोडा वेळ लावून धुतलं की डाग जातात पण शहाबादी, कडप्पा, मार्बलला लावायचं नाही, दगड खातं ते. नळाच्या काळ्या कोटिंगलाही फार वेळ ठेवू नका. मला विचाराल तर अंगावर पाणी उडतं तिथवर फिकं-मातकट, भुरकं, आणि त्याच्या वर छतापर्यंत गडद.

किचनमध्ये काळ्या ग्रॅनाइटचा ओटा आपल्या सगळ्यांकडे आहेच की, तेव्हा गडद आपल्याला नवीन नाही. पण भाकरी थापायला बसलं की ज्वारीचं पीठ कुठवर उडतं ते काळ्या शटरवरच कळतं. खालची शटर्स गडद, वरची फिकी, आणि हँडल घ्या, हँडललेस गडद मॅटवर पिठाचे हात उमटतात.

धुळीचं म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये वावटळ सुटली की पांढऱ्यावर पण बसते. फरक एवढा की उभ्या गडद भिंतीवर फार दिसत नाही, आडव्या गडद पॉलिशच्या टेबलावर तासाभरात दिसते. म्हणून भिंती गडद करा, टेबलाचा वरचा भाग मध्यम रंगाचा, दाणेदार लाकडाचा ठेवा.

धोटाआणिताणा
आम्ही पूर्व भागातले, घरात माग होते. इतकं सगळं वाचलं पण कापडावर कोणी बोललं नाही, तेही सोलापुरात! गडद खोलीत रंगाइतकंच काम कापड करतं. नुसती गडद सपाट भिंत नि रेक्झिनचा सोफा असेल तर ऑफिससारखं कोरडं वाटतं. जाड विणीच्या कापडावर दिवा पडला की त्याच्या उंचसखल धाग्यात सावली बसते, तीच खरी मजा.

आपल्या जकार्डच्या चादरी दोन्ही बाजूंनी वापरता येतात, इकडे मरूनवर पांढरी नक्षी असेल तर उलट बाजूला पांढऱ्यावर मरून. तुमच्या निळ्या भिंतीवर अशी चादर वरून लाकडी दांडी घालून टांगा, गडद बाजू पुढे करून. सोलापुरात हातमागावर वॉल हँगिंगसुद्धा विणायचे, कोणा जुन्या विणकराकडे मिळालं तर सोडू नका. उशांना खण घ्या, जांभळा, डाळिंबी, मोरपंखी, काठ तसाच ठेवून शिवून घ्या. खण म्हणजे गडद रंगात थोडीशी चमक, दिव्याच्या उजेडात सरकन हलते. पडदा मात्र पश्चिमेच्या दाराला नुसता गडद सुती टांगू नका, उन्हाने घड्यांच्या कडा विटतात आणि पट्टे पडतात, मागून फिकं अस्तर लावून घ्या. अस्तर विटलं तर तेवढंच बदलायचं.

जाड कापडाने आवाज पण बसतो. आमच्या बैठकीत सतरंज्या काढल्या की टीव्ही घुमतो, टाकल्या की नाही.

होटगीरोडकर
रेघोट्या सरांचं पटलं, आतल्या भिंतीचं मी धरलंच नव्हतं. पण दोन गोष्टी राहतातच. एक, मुलं अभ्यासाला कुठे बसणार? दोन, उद्या फ्लॅट भाड्याने द्यायचा किंवा विकायचा झाला तर बघायला येणारा माणूस दारातूनच परत जाईल. आणि दिवसभर घरात असणाऱ्या माणसाला अंधाऱ्या खोलीत उदास वाटू शकतं, हे गमतीने नाही म्हणत, माझ्या आईला वाटायचं.

रेघोट्या
आईंचं म्हणणं मी कधीच हलक्यात घेणार नाही. घरातला जो माणूस सगळ्यात जास्त वेळ घरात असतो त्याची खोली त्याला विचारूनच, आणि सकाळचा उजेड येणारी पूर्वेची खोली शक्यतो फिकीच ठेवावी. अख्खं घर गडद करा असं मी कोणालाच सांगत नाही. एक खोली, जिथे संध्याकाळी बसायचं. विक्रीच्या वेळी एक प्रायमर नि दोन हात पांढरा, झालं.

आणि वहिनी म्हणतात तसं बारकं दिसण्याचं, १० बाय १५ मध्ये कोपरे गडद झाले की भिंत नेमकी कुठे संपते ते संध्याकाळी कळत नाही, त्यामुळे उलट खोल वाटतं. बारकं दिसतं ते छत पांढरंशुभ्र ठेवल्यावर, कारण भिंत जिथे संपते तिथे लख्ख रेघ येते. छत भिंतीच्याच रंगाचं पण खूप फिकं, किंवा मळकट पांढरं करा. पीओपीत रंगीबेरंगी पट्ट्या सोडू नका एवढी विनंती.

हलव्याचेदागिने
सासूबाईंसाठी. संक्रांतीला चंद्रकळा नेसतोच ना आपण, गड्ड्याच्या यात्रेला अर्धं सोलापूर काळ्या साड्यांत असतं. त्यांना अशुभ वाटत असेल तर काळा शब्दच नको, रंग तसाही काळा नाहीये, निळा नाहीतर हिरवा आहे, इरकलीत त्यांनी तोच आयुष्यभर नेसला असेल. माझ्या सासूबाईंना मी दुकानात घेऊन गेले आणि शेड त्यांनाच निवडू दिली, त्यांनी माझ्यापेक्षा गडद काढली. देवघर मात्र त्यांच्या मनासारखं उजळ ठेवा, समईच्या मागची भिंत कोणती हवी तेही त्यांनाच ठरवू द्या.

निळीशाई
सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, काय बोलू. सासूबाईंना धागा वाचून दाखवला, वाचायच्या दिव्यावर त्या खूश आहेत आणि हिरव्याला हो म्हणाल्यात, निळ्याला नाही. तर हॉलच्या तीन भिंती गडद हिरव्या, बाल्कनीची भिंत मातकट, छत मळकट पांढरं, बाहेर चिक, आणि मुलाचं टेबल पूर्वेच्या बेडरूममध्ये हलवतोय. वायरमन ह्याच आठवड्यात. आता शेवटचं विचारते, तीन हिरवे बाजूला काढलेत, शेडकार्डावर तिन्ही सारखेच वाटतात. कसा निवडायचा?

ब्रशपट्टी
कार्डावर निवडू नका ताई, नखाएवढ्या चौकोनात गडद रंग नेहमी खरा असतो त्यापेक्षा बरा दिसतो. तिन्हीचे सगळ्यात बारके डबे घ्या, दोन बाय दोन फुटाचे प्लायचे किंवा जाड पुठ्ठ्याचे तुकडे, त्यावर प्रायमर आणि दोन हात. थेट भिंतीवर मारू नका, शेजारचा पांढरा डोळ्याला फसवतो आणि नंतर त्याची कड वर दिसत राहते. तुकडे भिंतीला उभे टेकवून ठेवा, टेबलावर आडवे नाही, आडव्यावर वरचा उजेड पडतो आणि रंग फिका वाटतो. सकाळी बघा, चारच्या उन्हात बघा, आणि रात्री नवीन पिवळे दिवे लावून बघा. तुम्ही बसणार रात्री, तेव्हा रात्रीचा जो आवडेल तो घ्या.

फेजन्यूट्रल
आणि ट्यूब बंद करून बघा. दोन्ही एकदम लावून बघितलं तर काहीच कळणार नाही.